काळजीवाहू दिवस

रविवार, ९ नोव्हेंबर

काल सरकार पडलं आणि आज सकाळी शेजारच्या टेरीने नेहमीसारखं लॉन कापलं. निवडणुकीतलं मला हेच सगळ्यात आवडतं. कुठे दगड नाही, मोर्चा नाही. वेलिंग्टनचा वारा तेवढा घोंघावत होता, पण तो सरकार कुणाचंही असलं तरी घोंघावतोच.

होगार्थ हरले, कॅथरिन डूली घसघशीत मतांनी जिंकल्या. होगार्थनी रेडिओवर हार मान्य केली, दोन विनोद केले आणि घरी गेले. आता विशेष मतांची मोजणी, अंतिम निकाल, राजीनामा, शपथविधी, यात पंधरवडा जाईल. तोवर होगार्थ काळजीवाहू पंतप्रधान. या काळात त्यांनी नवं काही करायचं नाही. तातडीचं काही आलंच, तर जिंकलेल्या बाई सांगतील तसं करायचं, स्वतःला पटो न पटो. असा कायदा नाही, नुसता संकेत आहे. आमच्या देशाला एका पुस्तकात बांधलेली राज्यघटनाच नाही. थोडे कायदे, थोडी जुनी पत्रं आणि बाकी सगळं माणसांच्या लक्षात. गव्हर्नर-जनरलची सचिव म्हणून ते बाकी सगळं लक्षात ठेवायचं काम माझं. मला त्याचा अभिमान आहे. दुसऱ्या कुणापुढे बोलायची नाही, पण ही माझी वही आहे.

माझ्या लेकीला, कर्स्टीला, हे मुळीच पटत नाही. "आई, तुमचा देश म्हणजे बिनकुलपाचं घर. अजून चोर आला नाही म्हणून तुम्ही खूश." मी म्हटलं, कुलूप आलं की किल्ली कुणाकडे यावरून भांडणं सुरू होतात. "तू ना, अशक्य आहेस," ती म्हणाली. हे मागच्या रविवारी. आजचा फोन वेगळा होता.

कर्स्टी फालेतोआ बेटावर नर्स आहे. बेट आमच्याच देशाच्या अखत्यारीतलं, वस्ती तीनशे. फोन म्हणजे रेडिओ-फोन, अर्धा पॅसिफिक कान लावून बसलेला असतो, त्यामुळे ती जपून बोलते. आज म्हणाली, "डोंगर गुरुवारपासून घोरतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे घोरतोय, आई. कपाटातल्या बाटल्या वाजतात. काळजी करू नकोस."

काळजी करू नकोस म्हटल्यावर जी करायची ती दिवसभर केली.

सोमवार, १० नोव्हेंबर

भूगर्भशास्त्रज्ञांचा अहवाल आला. डोंगर फुटू शकतो. कधी ते सांगता येत नाही. बेट रिकामं करावं. नौदलाचं जहाज टोंगाजवळ सरावाला गेलेलं आहे, तिथून दोन दिवसांवर बेट. डूलीबाईंनी दुपारी होगार्थना फोन करून सांगितलं, जहाज पाठवा. होगार्थ नाही म्हणाले.

मला संताप आला. पण न्यायाने लिहायचं तर त्यांचंही खोटं नाही. तीन वर्षांपूर्वी ह्याच शास्त्रज्ञांच्या शब्दावर त्यांनी बेट रिकामं केलं होतं. डोंगर फुटला नाही. लोकांना इकडे आणून पठारावरच्या एका लष्करी छावणीत ठेवलं, ऐन हिवाळ्यात, पत्र्याच्या खोल्यांत. जन्मात कधी मोजे न घातलेली माणसं ती. दोन म्हातारी माणसं न्यूमोनियाने गेली. होगार्थ दोन्ही दफनांना गेले होते. वर्तमानपत्रांनी त्यांची सालटी काढली, आणि परवा ते हरले त्यात तेही होतंच.

डेम मेरेआना, म्हणजे आमच्या गव्हर्नर-जनरल, आज सकाळीच गिझबर्नला गेल्या. चुलत बहीण वारली. तीन दिवस मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, राहणार. शोक चालू असताना मधेच उठून येणं त्यांच्यात होत नाही. जाण्याआधी माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "कुठूनही फोन आला तर घे हो. ऑफिसची लाइन आहे म्हणून संकोच करू नकोस." त्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे सगळ्यांना शाळेतल्यासारख्याच सूचना देतात.

कर्स्टीबद्दल मी ऑफिसात अवाक्षर काढलेलं नाही. आपलं माणूस त्यात अडकलंय म्हटल्यावर माझ्या सल्ल्याला काय किंमत राहील? हाही एक संकेतच, माझा मी पाळलेला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी होगार्थनी स्वतः फोन केला. नेहमी त्यांचा सहायक करतो. आवाज बसलेला.

"अहो इसोबेल, मागे कुणी काय केलंय हो अशा वेळी?"

मी तीन दाखले सांगितले. एकदा लोकरीच्या भावाचा प्रश्न, एकदा सैन्याचा, एकदा संप. तिन्ही वेळी हरलेल्याने कुरकुर केली आणि जिंकलेल्याचं ऐकलं.

"कुरकुर केली ना पण?"

"भरपूर, सर."

ते हसले. "बरं. मेरेआना उद्या परत येतील ना? मी चहाला येतो. बघू." आणि फोन ठेवता ठेवता, "हे सगळं कुठे लिहिलेलं वगैरे आहे का हो?"

"नाही, सर."

"हं," म्हणाले.

त्या 'हं'ने माझा दिवस खाल्ला. त्यांना लिहिलेलं हवंय, असं वाटत राहिलं. उद्यापर्यंत थांबायचं, मग चहा, मग 'बघू', आणि तिकडे बाटल्या वाजताहेत. दुपारी टाइपरायटरला कागद लावला आणि सगळा संकेत एका पानात मांडला. स्वच्छ, मुद्देसूद. माझ्या नोकरीच्या एकोणीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते मी दोन तासांत केलं. डेम मेरेआनांना दाखवायला हवं होतं, पण शोकघरी कसा फोन करणार? 'आपल्या सोयीसाठी' अशी चिठ्ठी जोडून पान होगार्थकडे धाडलं.

बरं वाटलं. चीज स्कोन खाल्ला. दोन दिवसांत पहिल्यांदा काही गोड लागलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

होगार्थ चहाला आले नाहीत. दुपारी त्यांच्या वकिलाने पत्रकारांना बोलावून माझं पान वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, 'निवडणुकीचा निकाल लागल्यावर' काळजीवाहू पंतप्रधानाने विजेत्याचं ऐकावं. वकील म्हणाला, बरोबर, आणि निकाल तर अजून लागलेलाच नाही. अंतिम निकाल २२ तारखेला. तोवर विजेता कुणीच नाही, आणि पंतप्रधानांवर कुणाचंही बंधन नाही. "हे गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयाचंच म्हणणं आहे."

काल सकाळपर्यंत होगार्थ एकटे होते आणि समोर लाज होती. लाजेत कसली आलीय पळवाट? मी त्यांना कागद दिला, आणि कागद म्हटला की वकील आला. वकील म्हणजे चाळणी घेऊनच बसलेला माणूस.

डेम मेरेआना संध्याकाळी परतल्या, काळ्या कपड्यांतच. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि राजीनामा देते म्हटलं. त्यांनी पान वाचलं. चष्मा काढून पुसला.

"सुबक लिहिलंयस."

"मॅडम, मला वाटलं, लिहिलं की पक्कं होईल."

"आम्ही एकदा लिहून बघितलंय, इसोबेल. अठराशे चाळीसमध्ये, तुमच्या राणीशी तह केला तेव्हा. तुमच्या भाषेत एक, आमच्या भाषेत एक. अजून भांडतोय त्यावर." आणि हसल्या. मला रडू यायला लागलं तर म्हणाल्या, "नाक पूस आणि घरी जा. राजीनामे एका महिन्यात एकच पुरे."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कर्स्टीचा फोन ऑफिसातच आला. दोरीवरचे कपडे राखेने करडे झालेत, विहिरीच्या पाण्याला गंधकाची चव येते. तिला खोकला लागलाय, बोलताना मधेमधे थांबते. मी "गरम पाणी पी" यापलीकडे काही बोलू शकले नाही, कारण मागे दार उघडं होतं आणि आत डेम मेरेआना सह्या करत होत्या. फोन ठेवून मागे पाहिलं तर दार बंद. वाऱ्याने लागलं असावं.

थोड्या वेळाने त्यांनी आत बोलावलं. "होगार्थना निरोप दे, उद्या या म्हणावं. वकिलाशिवाय."

"ते येतील, मॅडम?"

"गव्हर्नर-जनरलने बोलावलं तर पंतप्रधान येतो."

हेही कुठे लिहिलेलं नाही. मी ते मुद्दाम बोलले नाही. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ते आले. एकटे, ओला रेनकोट हातावर टाकून. माझ्याकडे पाहिलं, पण त्या पानाबद्दल एक शब्द काढला नाही, ते मला शिव्यांपेक्षा लागलं.

दोघं आत गेली. चहा मीच नेला. किटली ठेवताना होगार्थ बोलत होते, मान खाली घालून. "दफनाच्या वेळी मी त्या गेलेल्या बाईच्या मुलाशी हात मिळवायला गेलो, मेरेआना. त्याने हात खिशात घातला. तुम्हाला काय वाटतं, मला ते जहाज नको आहे? मला परत ती थडगी नको आहेत." डेम मेरेआनांनी मला खुणेने जायला सांगितलं आणि मी दार ओढून घेतलं.

तासाभराने बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्या टेबलावरचा फोन उचलून त्यांनी संरक्षण खात्याला सांगितलं, जहाज सोडा, डूलीबाई म्हणतील तसं. वकिलाला काही सांगितलंसुद्धा नाही. मग मला म्हणाले, "या वेळी छावणी नाही. घरोघरी ठेवू माणसं. तुमच्याकडे जादा खोली आहे ना, अहो? लोकरीची पांघरुणं काढून ठेवा."

"आहे, सर," म्हटलं. बहुधा आज भेटेल त्याला हेच विचारत असतील.

ते गेल्यावर मी आत धावले. "मॅडम, काय सांगितलंत त्यांना? बरखास्त करेन म्हणालात?"

"छे. बोलू दिलं त्यांना. मग प्रथा काय आहे ती सांगितली." आणि कपात उरलेला गार चहा पिऊन टाकला.

आता मी मनसोक्त लिहिणार आहे. लिखित घटनेच्या देशात आज काय झालं असतं? कोर्ट. मग वरचं कोर्ट. 'निकाल' म्हणजे काय यावर तीन न्यायाधीशांनी तीन मतं दिली असती, आणि तोवर डोंगराने आपलं काम उरकलं असतं. आमच्याकडे एक किटली चहा पुरला. अलिखित घटना वाकते, म्हणून मोडत नाही. तिच्यात माणसाला मागे फिरायला जागा असते. कागदावर हरलेला माणूस हट्टाला पेटतो. चहा पिऊन गेलेल्याला कुणी हरला म्हणत नाही. कर्स्टी आली की तिला समोर बसवून ऐकवणार आहे हे.

खोली झाडली. तिच्या लहानपणीची उशी अजून आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल जहाज पोहोचलं. आज सकाळपासून माणसं चढताहेत. डोंगरातून काळा धूर. दुपारी कर्स्टीचा फोन.

"तू चढलीस ना?"

"आई, ऐक. नऊ म्हातारी माणसं यायला तयार नाहीत. सालेसी आजोबा म्हणतात, थंडीत मरण्यापेक्षा इथे गरमागरम मरू. चेष्टा करताहेत, पण हलत नाहीत."

"बरं, मग तू?"

"मी नर्स आहे. नर्स शेवटी निघते."

"कुणी सांगितलं? नेमणुकीच्या कागदात आहे का? खात्याचा हुकूम आहे? कर्स्टी, कुठे लिहिलंय हे?" मी ओरडले. खरंच ओरडले, ऑफिसात, दार उघडं असताना.

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली.

"आई," ती म्हणाली, "हे तू विचारतेस?"

मग खोकली, आणि लाइन खरंच गेली.

मी तिथेच बसून राहिले. आयुष्यभर ज्याचं कौतुक केलं ते माझ्या घरात शिरलं होतं आणि मला ते नको होतं. मला कायदा हवा होता. शिक्का मारलेला, पोलिसांनिशी, माझ्या मुलीला दंडाला धरून बोटीत बसवणारा.

डेम मेरेआना दारात होत्या. "नऊ जण म्हणालीस?" मी म्हटलेलंच नव्हतं बहुतेक, नक्की आठवत नाही. त्यांनी होगार्थना फोन लावला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल संध्याकाळी काय झालं ते कर्स्टीने आज सांगितलं. होगार्थ रेडिओवर आले. म्हणाले, छावणी नाही, घरं आहेत, चुली आहेत, आणि मी हे सरकारी कागदावर लिहून द्यायला तयार आहे. सालेसी आजोबा म्हणाले, "गेल्या वेळी कागदच दिला होता, साहेब. आता तोंडाने सांगा. सगळी बेटं ऐकताहेत."

तेव्हा होगार्थनी तोंडाने सांगितलं. गेल्या वेळच्या दोघांची नावं घेतली, चुकलं म्हणाले, आणि एक घर माझं स्वतःचं, असंही म्हणाले. म्हाताऱ्यांनी आपसात चर्चा केली. मग एकेक जण उठला. सालेसी आजोबांनी कोंबडी बरोबर घेतली.

कर्स्टी जहाजावर आहे. शेवटच्या बोटीत, शेवटची. कोंबडी तिच्या मांडीवर होती.

मी टेबलावर डोकं टेकून रडले. कुणी आत आलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डोंगर फुटलेला नाही. पेपरात कुजबुज सुरू झालीय, परत फसले म्हणून. कर्स्टी मागच्या खोलीत झोपलीय, सालेसी आजोबा बैठकीत, दोन पांघरुणं आणि माझ्या कैलासवासी नवऱ्याचा स्वेटर घालून. मला ते वाऱ्याबद्दल रोज तक्रार करतात, जणू मीच सोडते. कर्स्टीला समोर बसवून ऐकवायचं होतं ते राहूनच गेलं. ती विचारतही नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी होगार्थ राजीनामा द्यायला आले. पाच मिनिटांचं काम. डूलीबाई बाहेरच्या गाडीत आपली पाळी येईपर्यंत बसून होत्या. दोघांनी काचेतून एकमेकांना हात केला. टेरीने लॉन कापावं इतकं साधं. मला अभिमानाने भरून यायला हवं होतं.

जाताना होगार्थ माझ्या टेबलाशी थांबले. आता ते कुणीच नव्हते, त्यामुळे सैल वाटले.

"बरंय, इसोबेल. कर्स्टीचा खोकला कसा आहे?"

"बराच कमी आहे, सर. रात्री झोप लागते आता."

"छान. जपा तिला," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

गाडी फाटकाबाहेर पडली, मी कपबशा उचलायला लागले, आणि हातातली बशी तशीच राहिली. तिचं नाव मी ह्या इमारतीत कधी कुणासमोर घेतलेलं नाही. त्या सोमवारी ओरडले तेवढंच, आणि तेव्हा ते इथे नव्हते. खोकल्याचं तर कुणालाच बोलले नव्हते. आणि जादा खोलीचं, पांघरुणांचं त्यांनी मला शुक्रवारीच विचारलं होतं.

म्हणजे त्या शुक्रवारी, बंद दाराआड, त्यांना प्रथा काय आहे ते सांगितलं गेलं नव्हतं. चहा घेऊन आलेली बाई कोण आहे ते सांगितलं गेलं होतं.

मी आत गेले. डेम मेरेआना डूलीबाईंसाठी खुर्ची सरळ करत होत्या. मी उभी राहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला जे विचारायचं होतं ते त्यांना कळलं हेही मला कळलं. मी विचारलं नाही. त्या परत खुर्चीकडे वळल्या.

तीनशे माणसं सुखरूप आली. संकेतामुळे आली, असं कालपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं. आता एवढंच डोक्यात फिरतंय, की कर्स्टी त्या बेटावर नसती, दुसऱ्याच कुठल्या तरी बाईची लेक तिथे असती, आणि ती बाई या ऑफिसात चहा नेत नसती, तर?